पंपाच्या खोलीतली वीज

डेल्मार ट्वाइट लाइनमन होता. नॉर्थ डकोटातल्या आमच्या भागात निम्म्या गोठ्यांना त्यानंच वीज दिली. त्याच्या स्वतःच्या अंगणातली विहिरीच्या पंपाची खोली मात्र तशीच राहिली. "पुढच्या हिवाळ्याआधी करतो," हे मी त्याच्याबरोबर खांबांवर चढायचो तेव्हापासून ऐकतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्याला उठवणं, भरवणं, धुणं-पुसणं सगळं बायकोच्या, आर्लिसच्या गळ्यात पडलं, आणि वर ती पंपाची खोली. पाइप गोठू नये म्हणून तिनं स्वयंपाकघरातून नारिंगी वायर बर्फावरून ओढत नेली आणि तिथं मोठा बल्ब लावला. रात्रभर नळही बारीक सोडून ठेवायची. तरी बल्ब सारखा विझलेला सापडायचा, ती बदलत राहायची, आणि गेल्या हिवाळ्यात पाइप दोनदा फुटला. मुलगी लोर्ना म्हणाली, "आता एकदा जरी पाणी गोठलं, तर घर विकायचं." गावातल्या वृद्धाश्रमात डेल्मारसारख्यांची इमारत वेगळी, आर्लिससारख्यांची वेगळी. उभा जन्म एकत्र काढून आता ताटातूट.

मी समोरच राहतो. पण आमच्याकडे न मागता मदत करणं म्हणजे समोरच्याला दुबळं म्हणणं, आणि मागत तर कुणीच नाही. "कसं चाललंय?" "वाईट नाही." संपलं. या रीतीचा मला संताप येतो आणि मीही ती पाळतो.

ऑक्टोबरात पहिल्यांदा पाणी गोठण्याइतकी थंडी पडली. त्या संध्याकाळी आर्लिस बाहेरून आत आली, तर डेल्मार चाकाच्या खुर्चीतून वाकून डाव्या हातानं वायरीचा प्लग ओढून काढत होता. उघड्यावर टाकलेली वायर त्यानं आयुष्यात कुणाकडे खपवून घेतली नव्हती.

"म्हणजे तूच!" ती ओरडली. "मी मेले बल्ब बदलून बदलून! माझ्यापासून सुटका हवीय का तुला?"

डेल्मार रडायला लागला. रडत रडत गराजकडे बोट दाखवत राहिला. तिथं फळीवर, जुन्या टायरांमागे, जमिनीखालून न्यायच्या केबलचं वेटोळं होतं. कधीकाळी आणलेलं, न सोडलेलं.

ती माझ्या दारात आली तेव्हा टोपी घालायचंही विसरली होती.

"तुझं फावडं रिकामं आहे का?"

"कधीपासून रिकामंच आहे," मी म्हणालो.

जमीन कडक व्हायच्या आत आम्ही दोघांनी चर खणला. डेल्मार ब्लँकेट गुंडाळून बाजूला बसला. चर उथळ वाटला की खुर्चीवर थाप मारायचा.

"अजून? अरे, पाठ मोडली माझी!"

पुन्हा थाप.

"बोलता येत होतं तेव्हा बरा होता," आर्लिस फावड्यावर रेलून म्हणाली. "निदान थापा तोंडानं मारायचा."

जोडण्या मी केल्या, वीजखात्याचा तपासनीस पाहून गेला. थंडी वाढली की आपोआप तापणारा दिवा बसवला. खटका डेल्मारनं ओढला.

जानेवारीत कडाका पडला आणि एका संध्याकाळी लोर्नाचा मला फोन आला. "आई फोन उचलत नाहीये. पाणी गोठलं ना? खरं सांग."

मी तसाच धावलो. पंपाच्या खोलीच्या फटीतून उजेड येत होता. घरात दाराशी तिचे बूट कोरडे होते. नळ घट्ट बंद. दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांत तोंड उघडं टाकून घोरत होती.

मी तिथूनच लोर्नाला फोन लावला.

"पाणी व्यवस्थित आहे."

"मग आई काय करतेय?"

"काहीच नाही," मी हळूच म्हणालो. "आज ती काहीच करत नाहीये."