सगुणाकाकीचा लाल

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. बायकोबरोबर पन्नास वर्षे संसार केला, तिलाही नाही. सांगण्यासारखे काय आहे त्यात, एक पाखरू तर होते — असे स्वतःला बजावत आलो. पण तेवढेच असते तर मी इतकी वर्षे गप्प बसलो असतो का?

आधी माझी फुशारकी ऐका, म्हणजे पुढचे कळेल. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षे झाली असतील. गोंदियात मी विड्या वळायचो आणि फावल्या वेळात लाल पाळायचो. लाल म्हणजे मुनियांतला सगळ्यात चिमुकला पक्षी. पावसाळ्यात नर लालभडक होतो, उन्हाळ्यात पुन्हा मातकट. कोणाचे पाखरू पिसे फुलवून पेंगू लागले, चोच फिकी पडली, की पिंजरा माझ्या दारात यायचा. गल्लीतले हिंदीवाले मला ‘चिडियों का डाक्टर’ म्हणत. चेष्टेने म्हणत — पण मी ते खरे धरले होते. चार पाखरे वाचली की माणूस चढतो हो.

शेजारी सगुणाकाकी राहायची. विधवा, एकटी. एकुलती एक लेक देवकी तिरोड्याला दिलेली. काकीकडे एक लाल होता. तिच्या बोटावर बसून कुटकीचे दाणे खायचा, हाक मारली की मान वाकडी करून उत्तर द्यायचा. ती दिवसभर त्याच्याशी बोलायची. भांडायचीसुद्धा.

वैशाखात देवकीचे पहिले बाळंतपण आले. सासरी घर सांभाळायला दुसरे बाईमाणूस नव्हते, म्हणून तिला माहेरी न आणता काकीच तिरोड्याला निघाली. काकीने जाताना पिंजरा माझ्याकडे ठेवला. पाखरू सारखे अंग खाजवत होते. मी पिंजऱ्याच्या बांबूच्या सांध्यात काडी फिरवली — टोकाला लाल ठिपके, चिरडले की रक्त. गोचिडाच्याच जातीचे किडे, पण राईहून बारीक. दिवसा सांध्यात दडतात, रात्री पाखराचे रक्त पितात. रोग मी अचूक ओळखला. इलाजही ठाऊक होता. पाखरू दुसऱ्या पिंजऱ्यात हलवायचे, जुना पिंजरा उकळत्या पाण्याने धुवायचा, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवायचा, आठवड्याने पुन्हा तेच. कंटाळवाणे काम.

आम्हा विडीवाल्यांचा मात्र एक झटपट उपाय असे — तंबाखूचे पाणी. शेळीला गोचीड झाले, कोंबडीला उवा झाल्या, चोळा तंबाखूचे पाणी. घरात चुरा पडलेलाच. शेळीला चालते ते अंगठ्याएवढ्या पाखराला चालेल का, हा प्रश्न मला पडला नव्हता? पडला होता. तरी मी फडके बुडवून त्याचे अंग पुसले. काकी येईल तेव्हा पाखरू चकचकीत दिसावे, गल्लीने वाहवा करावी, एवढेच डोक्यात होते.

तासाभरात ते थरथरू लागले. दुपारपर्यंत संपले.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. चुका होतात — पण यापुढचे? माझ्याकडे माझे स्वतःचे पाच लाल होते. उन्हाळ्यात सगळे सारखेच मातकट. त्यातला एक नर मी निवडला. काकीच्या लालाच्या डाव्या पायाची एक नखी पिंजऱ्याच्या दारात सापडून तुटलेली होती. मी तेंदूची पाने कापायची कैची घेतली आणि माझ्या पाखराची तीच नखी कापली. रक्त आले, ते हळद दाबून थांबवले. हे मी घाबरून, घाईत केले नाही. शांतपणे केले, हात धुऊन.

काकी परत आली. तिने बोट पुढे केले. पाखरू फडफडत कोपऱ्यात गेले. तिने हाक मारली, पुन्हा बोट पुढे केले. पुन्हा तेच.

“काऊन रे बापू, हा मले ओरखून नाही राहिला?”

आणि मी काय म्हणालो? आजारातून उठलेले पाखरू धनी विसरते, काकी — त्यात तुम्ही टाकून गेलात, लागले असेल त्याच्या मनाला. ते दुसरे वाक्य कशाला घातले मी? पहिल्यावर भागले असते. पण माझ्यावर संशय येऊ नये म्हणून दोष तिच्या पदरात टाकला, आणि तिने तो निमूट घेतला.

“माहीच चुकी,” ती पाखराला म्हणाली. “आता कोठी नाही जात तुले टाकून.”

आणि खरेच गेली नाही. नातवाच्या जावळाला गेली नाही. देवकीच्या दुसऱ्या बाळंतपणाचे बोलावणे आले, तेव्हाही नाही. तिरोडा काय लंकेत आहे? गाडीत बसलात की तासाभरात उतरता. त्या बाळंतपणात देवकी अडली, मूल गेले, आणि उशाशी माय नव्हती. त्याआधी जावयाने मला निरोप धाडला होता — तुम्ही समजवा, त्या तुमचे ऐकतात. गेलो होतो मी. ओट्यावर बसलो. काकी पिंजऱ्यात बोट घालून उभी होती. रोज असायची, आणि ते पाखरू एकदाही तिच्या बोटावर आले नाही. मला एकच वाक्य बोलायचे होते — हे पाखरू तुमचे नाही, काकी. जीभ उचलली नाही. मग गल्लीत डॉक्टर कोण राहिला असता? एवढ्यासाठी! लिहितानाही लाज वाटते.

देवकीने माहेर तोडले. दोन-तीन वर्षांनी काकी तापाने गेली, तेव्हा ती आली ती मातीलाच. तेराव्यानंतर भांडीकुंडी आवरताना तिने मला विचारले,

“दादा, माय काऊन नाही आली जी माह्याकडं? पाखराचा जीव माह्याहून मोठा होता का तिले?”

घरात आम्ही दोघेच होतो. काकी तर आता नव्हती. कोणाची भीती होती मला?

“फार जीव होता तिचा त्याच्यावर,” मी म्हणालो.

देवकीने मान हलवली आणि पातेली पोत्यात भरू लागली. ते खरे धरून ती तिरोड्याला गेली, आणि ते खरे धरूनच मेली.