सोमारीबाईचं राहिलेलं मत

सोमारीबाई काल मेली. एक मत देणं बाकी होतं तिचं.

माझी मोठी जाऊ. मी बोलून राह्यली, नात टाइप करून राह्यली. चुकलं तर तिला बोला.

भामरागडकडं आमचं गाव. नदीच्या त्या अंगाला बाईचं माहेर. पावसाळ्यात चार महिने पाणी आडवं. तिची माय अशाच दिवसांत गेली. ही या काठावर बसून राहिली. तिकडचे मयतीचे ढोल ऐकू आले, बस.

मग निवडणूक आली. सत्तर वर्षं होत आली असतील. तेव्हा प्रत्येक उमेदवाराचा डबा वेगळा, डब्यावर चित्र. पडद्यामागं जायचं, आपल्या डब्यात कागद टाकायचा. मी नवी सून, मताचं वय नव्हतं. बाहेर उभी.

बाई लई वेळानं आली.

"कोनाले देल्लं वो बाई?"

"कोनालेच नाई. सगळ्या डब्यायले इचारलं, पूल कोन बांधते? डब्बे चूप."

कागद कमरेत खोचून आणला येडीनं!

जुनाच आमदार पुन्हा जिंकला. हार घालून गावात आला. म्हणे, तुम्हा सगळ्यांच्या मतांनी निवडून आलो.

बाई उठली.

"माह्यं नाई जी. माह्यं माह्यापाशी हाये. पूल बांधा अन् घेऊन जा."

गाव हसलं. आमदारही हसला. तिचा नवरा तेवढा मान खाली घालून बसला.

पुढच्या निवडणुकांत दिली तिनं मतं. हा कागद मात्र बांबूच्या नळीत. वाळवी लागू नये म्हणून.

मोहफुलं वेचता वेचता मधेच थांबायची. डोळे नदीकडं.

"पुलावरून चालून राह्यली मी. लुगडं कोरडं हाये, पाह्य."

"आधी टोपलं भर," मी म्हणायची.

पूल झाला. आत्ता, परवा-परवा. तोवर बाईचे गुडघे गेले. तिकडं ओळखीचं कोणी उरलं नाही.

"मेल्यावर नेजो," म्हणाली.

आज नेली. मायजवळ माती दिली. सासरच्या बाईला माहेरात माती द्यायची रीत नाही आमच्यात. गावाला समजावलं. समजावलं म्हणजे शिव्या दिल्या.

जाताना पुलाच्या मधोमध सगळ्यांना थांबवलं. तिथं जोडावर एक फट आहे, डब्याच्या तोंडाएवढी. नळीतून कागद काढला. घडी उलगडली नाही. सोडला आत.

पूलही चूप.

"देल्लं वो बाई, तुह्यं मत."

जा आता माहेरी. पाणी आडवं नाही.