आमच्या दारातला दशैं

आमच्या सोसायटीत वॉचमनला नाव नव्हतं. गंगापूर रोडवरच्या त्या इमारतीत सगळे शिकलेले, पण नेपाळचा माणूस म्हणजे ‘बहादूर’, विषय संपला. मला याची चीड यायची. त्याच्या बायकोला तर कुणी हाकच मारत नसे. फक्त माझ्या सासूबाई तिला ‘पोरी’ म्हणत आणि दुपारी तिच्याबरोबर लसूण सोलत बसत.

सासूबाईंना चौकशा फार. “तुमच्याकडे समुद्र नाही, मग मीठ कुठून गं?”

“आजोबांच्या टाइमला तिबेटकडून यायचं, आजी. मेंढ्यांच्या पाठीवर, छोटी छोटी थैली बांधून.”

तिचं सासर नेपाळच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर. समोरच्या डोंगरावर माहेर. तिथली चूल पेटली की इकडून धूर दिसे, पण जायचं तर आधी नदीपर्यंत उतरायचं आणि मग तेवढंच चढायचं, सकाळी निघालं तर संध्याकाळी पोचायचं. “आमच्या कळवणला पण डोंगर आहेत हो,” सासूबाई म्हणत, आणि ती तोंडावर पदर घेऊन हसे.

घटस्थापनेला तिकडेही धान्य पेरतात, फक्त जव आणि तेही अंधारात, म्हणून ते पिवळे उगवतात. दहाव्या दिवशी घरातली वडील माणसं धाकट्यांच्या कपाळावर लाल रंगात कालवलेल्या दही-तांदळाचा टीका लावतात, कानामागे जवाचे कोंब खोचतात. हा त्यांचा दशैं. माणूस पोटासाठी कुठेही गेलेला असो, दशैंला घर गाठायची धडपड करतो. पण ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिकडे माओवाद्यांची लढाई पेटली होती, गावात घरटी एक माणूस मागत होते. तिच्या सासऱ्यांनी निरोप धाडला, येऊ नका.

दसऱ्याला सकाळी ती लाल साडी नेसून, ताट घेऊन आमच्या दारात उभी राहिली. “आजी, टीका लावा ना. इथे माझं मोठं कोणी नाही.”

सासूबाईंचा हात ताटापर्यंत गेला आणि मागे आला. “मी ही अशी. माझ्या हातचं कुंकू नको गं तुला. सूनबाई लावेल.”

“ती तर माझ्यापेक्षा लहान आहे.” तिच्या गावात विधवा आजीसुद्धा टीका लावते, हेही तिनं सांगून पाहिलं. सासूबाई ऐकेनात. मनात माया होती, नाही असं नाही. आपलं नशीब तिच्या संसाराला लागू नये, एवढीच भीती. त्यांनी ताटात श्रीखंडाची वाटी ठेवली. दह्यातले तांदूळ तसेच घेऊन ती जिना उतरली, तेव्हा मला रडू आलं.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. सासूबाई वर्षभर स्वतःचा पीळ स्वतःच उलगडत बसल्या. लसूण सोलता सोलता मधेच म्हणत, “लावला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?”

पुढच्या दसऱ्याला त्यांनी माझ्याकडून दही मागून घेतलं, तांदूळ आणि कुंकू स्वतः कालवलं आणि मला तिला हाक मारायला सांगितलं. ती आली ती फिकट साडीत, आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. सासूबाईंचा चेहरा उतरला. “नवरा बरा आहे ना?”

“तो ठीक आहे, आजी. सासरे गेले. परवाच फोन आला.” मग खाली बघत म्हणाली, “आता वर्षभर आम्हाला टीका चालत नाही.”

‘चालत नाही’ म्हणजे काय, हे सासूबाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी आग्रह केला नाही. “बरं, पुढच्या वर्षी,” एवढंच म्हणाल्या.

पुढचं वर्ष आलंच नाही. गावाकडे जमीन बघायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे दिवाळीनंतर दोघं कायमची निघाली. रिक्षा फाटकात उभी असताना ती सासूबाईंच्या पाया पडली. त्यांनी तिला उठवलं, तिच्या कोऱ्या कपाळावर आपला कोरडा अंगठा टेकवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.