धाकटीचं जहाज

माझ्या धाकट्या जावेची बोटं लांबसडक होती. माझी आखूड आणि जाड. लग्न होऊन ती मानवतला आमच्या घरी आली, तेव्हा माप ओलांडायच्या आधीच दारातली एक म्हातारी म्हणाली, "बोटं बघा माय पोरीची, भेंडीवानी." माझ्या लग्नात माझ्या बोटांबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवसापासून मी तिचा हेवा करायला लागले आणि त्यात कधी खंड पडू दिला नाही.

तोवर घरात माझं एक राज्य होतं. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, तुमच्याकडे गौरी म्हणत असाल. त्यांच्यापुढची आरास मी करायचे. काळ्या मातीचे बैल, कडब्याचं छप्पर, लाकडाच्या भुशाचे रस्ते, आरशाचं तळं, करवंटीत उगवलेल्या गव्हाचं शेत आणि मधोमध काडेपेटीच्या काड्यांनी बांधलेली मोटेची विहीर. मोट खरोखर वरखाली व्हायची. गल्लीतल्याच नाही, बाजारापलीकडच्या बायासुद्धा हळदीकुंकवाच्या निमित्तानं ती बघायला यायच्या. "कुणी केलं हो?" असं विचारायच्या. आणि माझी सासू, जिच्या तोंडून वर्षभर एक बरा शब्द निघायचा नाही, ती म्हणायची, "आमच्या थोरलीनं. दुसरं कोण करणार?" तेवढ्या एका वाक्यावर माझं वर्ष निघून जायचं.

माझा दीर मस्कतला नोकरीला होता. लग्नाची सुट्टी संपवून तो परत गेला आणि बायकोचा व्हिसा येईपर्यंत ती आमच्याकडे राहिली. दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे होते. कधी कुठे बंद पुकारतील आणि कधी एसटी उभी राहील, सांगता यायचं नाही. त्या श्रावणात तिला पंचमीला माहेरी, राणीसावरगावला जायचं होतं. पिशवी भरून ती स्टँडवर गेली आणि गाडीच नाही म्हणून परत आली. आली ती तोंड पाडून माळ्यावर चढली आणि नवऱ्याचं जुनं सामान उपसत बसली. त्यात तो खोका निघाला.

खोक्यावर एका लढाऊ जहाजाचं चित्र होतं. आत राखाडी प्लॅस्टिकचे तुकडे, परदेशी भाषेतला चित्रांचा कागद आणि एका पारदर्शक पाकिटात पोस्टकार्डाएवढा पितळी पत्रा. दिरानं तो खोका हौसेनं आणला होता आणि एकदा उघडून, घाबरून बंद केला होता. पत्रा बघितल्यावर मलाही कळलं, का घाबरला ते. कागदासारखा पातळ पत्रा आणि त्यात कोरलेले जहाजाचे कठडे, शिड्या, जाळ्या. शिडी तांदळाच्या दाण्याएवढी, तरी तिला पायऱ्या. हे कोरायला सुद्धा माणसाचा हात नसतो म्हणे. आधी चित्राचा फोटो पत्र्यावर उतरवतात, मग नको तेवढं पितळ तेजाबाला खाऊ घालतात. आपण फक्त एकेक तुकडा कापून घ्यायचा, दुमडायचा आणि चिकटवायचा.

फक्त म्हणायला काय जातं! जावेनं देवाच्या फुटक्या तसबिरीची काच घेतली. त्यावर पत्रा ठेवून अर्ध्या ब्लेडनं ती तुकडे सोडवायची. भुवया कोरायच्या चिमट्यानं उचलायची, दोन ब्लेडांत धरून बारीक रेघेवर दुमडायची आणि सुईच्या नेढ्यात गोंदाचा थेंब घेऊन जागेवर लावायची. तेवढा वेळ पंखा बंद. वाऱ्यानं तुकडे उडायचे ना. दुपारी आडतीच्या दुकानावरून जेवायला आलेले माझे सासरे, ज्यांच्यासाठी मी इतक्या वर्षांत कधी पंखा बंद करायची हिंमत केली नव्हती, ते बनियनवर घामाघूम होऊन म्हणायचे, "करू द्या, करू द्या. पोरगी बारीक काम करायलीय." मी आरास करायचे तेव्हा भुसा उडतो म्हणून मला मागच्या पडवीत बसवायचे.

एकदा एक शिडी चिमट्यातून टणकन उडाली. झालं, घर जागच्या जागी थांबलं. "कुणी हलू नका," म्हणून तिनं फर्मान सोडलं आणि सगळे पुतळ्यासारखे उभे. मला पोळ्या करायच्या होत्या. मी मळलेल्या कणकेचा गोळा घेतला, फरशीवर टिपत टिपत गेले आणि कपाटाखालून शिडी काढून दिली. ती हसून म्हणाली, "अक्का, लय भारी डोकं हाय तुमचं." मला वाईट याचंच वाटलं, की ती मनापासून म्हणाली होती. एखाद्याचा धड रागही करता येऊ नये म्हणजे काय?

महालक्ष्म्या जवळ आल्या तसं सासूबाईंनी एक दिवस जाहीर केलं, "औंदा मधी जहाज ठेवायचं."

मधी म्हणजे माझ्या विहिरीच्या जागी. मी म्हणाले, "आत्याबाई, शेतात जहाज कसं येईल?"

"तळं मोठं कर," त्या म्हणाल्या आणि वाती वळायला लागल्या.

मला तेव्हा काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. वाटलं, मोडावं ते जहाज. उंदरानं न्यावं, कुणाचा तरी पाय पडावा, काहीही व्हावं. मनात आणलं, हात लावला नाही. हा फरक मी तेव्हाही धरून होते आणि आजही आहे.

आणि बघा, तसंच झालं. आमच्या घरात महालक्ष्म्या यायच्या आधी पितळ म्हणून जे असेल ते लख्ख व्हायला पाहिजे असा सासूबाईंचा नियम. देवीचे मुखवटेच पितळेचे, मग घरातलं बाकीचं पितळ काळं राहून कसं चालेल? घागरी, समया, ताम्हण, अडकित्ता, दाराच्या कड्या, सगळं चिंचेनं आणि राखेनं घासलं जायचं. त्या दुपारी जाऊ न्हायला गेली होती. न्हाऊन आली आणि तिनं अशी काही किंकाळी मारली, की सासरे ताटावरून उठले.

ताम्हणात, घासलेल्या निरांजनांच्या शेजारी, तिचा पत्रा पडला होता. सोन्यासारखा चमकत होता आणि कुरडईसारखा वेटोळा झाला होता. अर्ध्याहून जास्त कठडे अजून त्यावरच होते. काथ्यानं कुणीतरी तो चांगला रगडला होता.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सासऱ्यांनी, मोलकरणीनं आणि माझ्या सख्ख्या नवऱ्यानं. नवरा हळूच म्हणाला, "तू तर न्हाई न...?" मी म्हणाले, "मला विचारायलाव? भाजी फोडणीला घातलेली हाय, हात बघा माझे." त्यानं खरंच हात बघितले. अजून तो प्रसंग आठवला की माझी कानशिलं तापतात. जाऊ मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ओल्या केसांनी खाली बसून ती तो पत्रा नुसता मांडीवर घेऊन रडत होती.

सासूबाई देवळातून आल्या. सगळ्यांची तोंडं बघून म्हणाल्या, "काय झालं? मीच घासली की ती जाळी. किती काळी पडली होती. आता बघा कशी लख्ख केली."

त्यांना कोण काय बोलणार! सासरे पुन्हा ताटावर जाऊन बसले. नवऱ्यानं घसा खाकरून आडतीच्या गप्पा काढल्या. माझ्यावरचा संशय कुणी उचलला नाही, तो पाटासारखा तिथेच पडून राहिला आणि सगळे त्याला ओलांडून गेले.

आता माझी विहीर जागेवर राहणार होती. मला नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसले असते तर गल्लीत काय बोललं गेलं असतं, ते मला माहीत होतं. थोरलीच्या मनासारखं झालं, असं. आणि ते खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत. शेवटी मी जावेपुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "दे इकडं."

पत्रा मी त्याच तसबिरीच्या काचेवर ठेवला. वर कागद घातला आणि लाटण्यानं लाटायला घेतला. उडदाचा पापड लाटतात तसा, कडेनं, वजन न देता, फिरवत फिरवत. या कामाला लांबसडक बोटं लागत नाहीत, लाटण्यावर बसलेला हात लागतो. वेटोळं उलगडलं. मग एकेक कठडा नखाच्या पाठीनं सरळ केला. जाऊ नाक ओढत बघत होती. थोड्या वेळानं तिनं चिमटा माझ्या हातात दिला. पहिला कठडा मी जहाजाला लावला तेव्हा श्वास कधी सोडायचा तेच मला कळेना. पण तो बसला. सरळ बसला. आणि एक गोष्ट अशी कळली, की तिनं आधी लावलेले कठडे बोट लागलं तरी निखळायचे आणि हे चिंचेनं घासलेले मात्र घट्ट धरून राहायचे. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा आधी चिंचेच्या पाण्यात बुडवून दोन बोटांत चोळून घेते. सासूबाईंना हे मी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांपुढे मधोमध जहाज उभं राहिलं. माझी विहीर कोपऱ्यात, केळीच्या खांबाआड गेली. देवीसुद्धा दोघीच, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पण त्यांना सारखी साडी, सारखा हार, सारखा नैवेद्य. माणसांत असं कुठं असतं? बाया आल्या, वाकून वाकून कठडे बघू लागल्या. "कुणी केलं हो?" म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या धाकटीनं." मी पलीकडे आंबिलीच्या वाट्या भरत होते. हातातली वाटी पडली नाही, एवढंच.

पुढं तिचा व्हिसा आला. जाताना जहाज न्यायला जागा नव्हती म्हणून ती म्हणाली, "अक्का, तुमीच ठेवा." ती विमानात बसून समुद्रापलीकडे गेली आणि मी परभणीपर्यंत तिला सोडून संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

जहाज मी कपाटावर ठेवलं. टाकून दिलं असतं तर पुन्हा माझ्याच नावानं शंख झाला असता. पण वर्षभर धूळ बसली, उंदरानं पुढचा भाग कुरतडला, आल्यागेल्यांच्या पोरांनी उचलून बघितलं. पुढच्या भाद्रपदापर्यंत निम्मे कठडे गेले होते. मी म्हटलं, असं विद्रूप देवीपुढे ठेवायचं तर आपलीच शोभा. चहाच्या जुन्या गाळणीतून जाळी कापली. स्टोच्या पिनांची डोलकाठी केली. अशातच मस्कतहून कुणाबरोबर तरी सामान आलं. सासूबाईंना साडी, सासऱ्यांना थर्मास, नवऱ्याला अत्तर आणि मला एक चपटं पाकीट. मला वाटलं, बघा, माझ्या वाट्याला कागद. मी ते संध्याकाळपर्यंत उघडलंच नाही. उघडलं तर आत तसलाच नवा कोरा पितळी पत्रा.

खरं सांगते, मला ते पाकीट साडीहून जास्त आवडलं आणि म्हणूनच जास्त राग आला. मला काय हवं ते तिला कळावं, हे मला सहन होईना. पण पत्रा सोडवला. सगळं जुनं खरवडून काढलं आणि पहिल्यापासून सगळे कठडे नव्यानं लावले, पंखा बंद करून. सासरे कुरकुरले. मी म्हणाले, "थोडा वेळ बसा गरमीत, कुणी मरत न्हाई." शिड्या लावल्या, जाळ्या दुमडल्या, कुरतडलेला भाग मेणानं भरून रंगवला. दोन-तीन वर्षांत असं झालं, की त्या जहाजावर तिच्या हातचं पितळ औषधालाही राहिलं नाही. तरी बाया यायच्या आणि म्हणायच्या, "धाकटीचं जहाज अजून हाय की!" धाकटी कशी आहे, कधी येणार, लेकरू कुणासारखं आहे. मी हळदीकुंकू लावायचे आणि सांगायचे, बरी आहे.

मग ती एका भाद्रपदात आली. नामांतराचा निकाल आता लागणार, मग लागणार, अशी ओट्याओट्यावर बोलणी चाललेली. एसटीचा भरवसा नाही म्हणून नवरा जीप करून तिला स्टेशनवरून घेऊन आला. पोरगं कडेवर, अंगानं भरलेली, बोटं तशीच लांबसडक. महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर बैठक बायांनी गच्च भरली. ती नमस्कार करायला वाकली आणि जहाजापुढे तशीच वाकून राहिली. चष्मा लागला होता तिला. एकेक कठडा ती बघत गेली. जाळीला तिनं नख लावून बघितलं.

एक बाई म्हणाली, "तुझं जहाज बघायलीस का? जपलंय बघ थोरलीनं."

ती सरळ उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माझं न्हाई. यातलं काहीच माझं न्हाई. हे सगळं अक्कांनी केलेलं हाय. मला एवढं चांगलं कधीच जमलं नसतं."

सासूबाईंनी वर बघितलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते शेवटी भर सभेत, देवीसमोर, खणखणीत बोललं गेलं होतं. मी हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला. आता कुणीतरी माझ्याकडे वळेल म्हणून मी पदर सारखा केला.

तेवढ्यात दाराजवळची एक म्हातारी कौतुकानं मान हलवत म्हणाली, "बघा माय, केवढं मोठं मन हाय धाकटीचं!" आणि सगळ्या बाया तिच्याकडे बघायला लागल्या.