फाट्यावरचा पंच आणि लाल फुलांची बशी

पिंगळी मागे टाकून पोखर्णीकडे निघालं की मध्ये एक फाटा लागतो. तिथे आश्रुबाचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे वर पत्रे, खाली दोन बाकडी आणि कोपऱ्यात भट्टी. पण पंचक्रोशीत आश्रुबाचं नाव चहामुळे झालेलं नाही. त्या फाट्यावरच्या अपघातांच्या सदतीस पंचनाम्यांवर पंच म्हणून त्याची सही आहे.

पहिली सही नाइलाजाने झाली. एक जीप बैलगाडीवर आदळली, माणसं जमली, आणि पोलिसांची गाडी दिसताच सगळी पांगली. कोर्टाच्या चकरा कोणाला हव्या असतात? आश्रुबाही पळाला असता, पण भट्टीवरचं दूध उतू चाललं होतं. पातेलं उतरवून तो वळला, तर हवालदार समोर उभा. तेव्हापासून पोलीस आधी हॉटेलात येत, मग अपघाताकडे जात.

हळूहळू आश्रुबाला त्या कामाची गोडी लागली. आधी माणसं पाहायची, कोणाला लागलंय का. मग गाडीची चावी काढायची. मागेपुढे दगड आणि बाभळीच्या फांद्या लावायच्या. नंबरासकट चारी बाजूंनी फोटो घ्यायचे, चाकांभोवती खडूने रेघ ओढायची, आणि पंचनामा होईपर्यंत गाडी तसूभर हलू द्यायची नाही. पाहिलं तेवढंच सांगायचं, हाही नेमच. एकदा वकिलाने भर कोर्टात विचारलं, "बैल घाबरला होता का?" आश्रुबा म्हणाला, "साहेब, म्या बैलाला इचारलं न्हाई."

अशा माणसाच्या मुलीला पाहायला सेलूहून पाहुणे यायचे होते. भक्ती बीएस्सी झालेली. दोन स्थळं ऐनवेळी फिसकटली होती, त्यामुळे हे तिसरं जुळावं म्हणून तिची आई पार्वतीबाई आठ दिवस जिवाला खात होती. रविवारी सकाळी ऐनवेळी घरातली साखर संपली. हॉटेलवाल्याच्या घरात साखर नाही! भक्ती नव्या साडीवरच व्हॅन घेऊन गावातून फाट्यावर निघाली, साखर आणायला.

दहा वाजून वीस मिनिटांनी ती फाट्याच्या तोंडाशी थांबून रस्ता मोकळा व्हायची वाट पाहत होती. परभणीकडून आलेली एक पांढरी गाडी अचानक उजवीकडे वळली आणि उभ्या व्हॅनला येऊन धडकली. व्हॅनचा दिवा फुटला, गाडीचा बंपर लोंबू लागला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

पांढऱ्या गाडीतून सेलूचे माधवराव उतरले. गाडी चालवत होता त्यांचा मुलगा पियुष, नवरामुलगा.

आश्रुबा टेप आणि खडू घेऊन धावत आला. पाहुणे ओळखू आले, तरी पाय थांबले नाहीत. "कोनाला लागलं न्हाई ना? मग गाडीला हात लावू नका, पाव्हणं. राम राम."

माधवराव मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ द्या हो. पोरीची जात, चुकली असंल. आमी माफ केलं."

"माफ कशाचं? गाडी तर हुभी होती."

आवाज ऐकून गावातून पार्वतीबाई पळत आली. तिने नवऱ्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. "अहो, म्हना की आपली चूक! दिव्यापायी लेकीचं लगीन मोडायलाव का?"

"पांढऱ्या रेघंपासून मोजू दे. मग कोनाची चूक ते टेपच सांगंल."

टेपने सांगितलं, पाहुणे आठ फूट चुकीच्या बाजूला. माधवरावांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मोटरसायकलवरून परमेश्वर हवालदार आला. सगळा प्रकार पाहून त्याने हात जोडले. "आश्रुबा, सोयऱ्या-सोयऱ्यात मिटवा. माजा रविवार कशाला नासवता?"

"इम्याला कागद लागतो. अन् सोयरे अजून झालो न्हाई."

झालं. बाकड्यावर बसून हवालदार लिहू लागला. "गाडी उजवीकडं वळवायचं कारण?"

पियुषने रस्त्याकडे बोट दाखवलं. मधोमध उतारा ठेवलेला होता. दहीभात, त्यावर हळदकुंकू लावलेलं लिंबू, बाजूला नारळ. "त्याच्यावरून गाडी कशी न्यायची?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीच नेली नसती. हवालदाराने स्वतःची मोटरसायकलही वळसा घालूनच आणली होती.

"उतारा कोणाचा?"

आश्रुबा जवळ गेला आणि थबकला. दहीभात लाल फुलांच्या बशीत होता. काठाला टवका उडालेला. सकाळपासून तो हीच बशी हॉटेलात शोधत होता. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको आभाळाकडे पाहत होती.

"लिवा," आश्रुबा सावकाश म्हणाला. 'अज्ञात' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. सदतीस पंचनाम्यांत तो कितीदा तरी आला होता. "लिवा, बशी आमच्या हाटेलची. ठेवनार पार्वतीबाई, माजी बायको."

पार्वतीबाईने पदर तोंडाला लावला. "भक्तीची दृष्ट काढली हो. पाव्हणे येयचे, लगीन जुळावं म्हणून."

मग पियुष खाकरून म्हणाला, "आमच्या आईनंही निघताना माझ्यावरून लिंबू उतरवलं. पिंगळीच्या वळणावर टाकलं."

"तरीच!" हवालदाराने पेन आपटलं. "मगाशी तिथं दोन मोटरसायकली एकमेकींत घुसल्या. मी तिकडूनच यायलोय!"

गाडीत बसलेल्या पियुषच्या आईने काच वर केली.

भक्ती पुढे आली. "लिंबू दिसलं, मग एवढी व्हॅन दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली," पियुष म्हणाला. "पण भीती लिंबाची जास्त वाटली."

भक्तीला हसू आवरेना. मग ती साखर घेऊन पायीच घरी गेली, कारण व्हॅन हलवायला तिच्या वडिलांची परवानगी नव्हती.

पंच म्हणून त्या दिवशी दुसरीच दोन माणसं पकडून आणावी लागली. आश्रुबा घरचा माणूस, त्याची सही चालेना, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

आठ दिवसांनी माधवरावांचा फोन आला. पार्वतीबाईने देवाला हात जोडूनच तो नवऱ्याच्या कानाला लावला.

"आश्रुबा, पोराला मुलगी पसंत हाय. घरात लय वाद झाला, पन मी म्हनलं, ज्या मानसानं पंचनाम्यात बायकोचं नाव सोडलं न्हाई, तो लग्नाच्या यादीत काय लपवनार? यादी तुमीच लिवा."

"आदी भक्तीला इचारतो," आश्रुबा म्हणाला. भक्ती दारातच उभी होती. तिने मान हलवली, आणि वर म्हणाली, "गाडी मी चालवणार, तेही लिवा."

सुपारी फुटली त्या दिवशी हॉटेलातल्या सहा कपांना पाचच बशा होत्या. सहावी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या कपाटात जमा आहे, दहीभाताचे डाग तसेच ठेवून. बशीशिवायचा कप कोणाला द्यायचा यावर पार्वतीबाई घुटमळली. पियुषने तो आपणहून उचलला, आणि चटका बसला तरी खाली ठेवला नाही.