अडकित्त्यानं कापलेलं कार्ड

आमच्या घरात माझ्या नावाचं काही असावं, असं कुणाला कधी वाटलंच नाही. वाईट बुद्धीनं नव्हे, सुचलंच नाही. माझ्या लग्नाला वर्ष होत होतं तेव्हा भूकंप झाला आणि शिरूर अनंतपाळकडचं आमचं दगडमातीचं घर बसलं. माणसं वाचली. पण मुखेडहून, माझ्या माहेराहून आलेली भांडी, ट्रंक, शिलाई मशीन, सगळं ढिगाऱ्याखाली गेलं. पंचनामा करणाऱ्यानं ते सासऱ्यांचं सामान म्हणून लिहून घेतलं. मशीन माझी आहे, असं मी म्हणाले, तर त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पुढं सरकारी घर मिळालं, तेही सासऱ्यांच्या नावानं. शेत त्यांच्या नावानं, स्कूटर नवऱ्याच्या नावानं. तेव्हा जी चीड आली ती अजून उतरलेली नाही, आणि उतरावी असं मला वाटतही नाही.

नंतर मला लातूरला शाळेत नोकरी लागली. नवरा एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. गावोगावची पोरं लातुरात येत होती आणि घरमालक माड्यांवर पत्र्याच्या खोल्या चढवत होते. आम्हीही तशाच एका माडीवर भाड्यानं राहायचो, सासरे आमच्याजवळच. एक दिवस पगाराच्या बँकेनं मला क्रेडिट कार्ड दिलं, वर्षाची फी नसलेलं. त्यावर उठावाच्या अक्षरांत नाव होतं. माझं, एकटीचं. मी त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांना ते कार्ड अजिबात पटलं नाही. त्यांचा एक रिवाज होता. दुकानाची उधारी फिटली की पाडव्याला स्वतः जायचे आणि दुकानदाराकडून आपल्या नावावर काट मारून घ्यायचे. बाकी काही राहिली नसली तरी नाव राहिलं की त्यांना अन्न गोड लागायचं नाही. कार्डाचा कागद घरी आला. त्यात देणं काहीच नव्हतं, पण खर्चाची मर्यादा छापलेली होती, आणि मामांनी तो आकडा कर्ज समजला. मी समजावलं. नवऱ्यानंही समजावलं, पण अर्ध्या मनानं, कारण बायकोच्या कार्डाचं त्यालाही फारसं कौतुक नव्हतं.

"वापरत न्हाईस तर ठेवतीस कशाला?" मामा म्हणाले, आणि सुपारीच्या अडकित्त्यानं त्यांनी त्या कार्डाचे तुकडे केले. मग सुपारी कातरून पान लावलं. त्यांच्या लेखी खातं मिटलं होतं.

प्लास्टिक कापल्यानं खातं बंद होत नाही, हे मला ठाऊक होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बँकेला फोन केला, कार्ड तुटलं म्हणून दुसरं मागवलं आणि पत्ता शाळेचा दिला. याला कुणी लबाडी म्हणत असेल तर खुशाल म्हणावं. माझी मशीन दुसऱ्याच्या नावावर लिहिणाऱ्याला कुणी लबाड म्हणालं नव्हतं.

कार्ड शाळेतल्या माझ्या कपाटात पडून राहिलं. एकदा बँकेचा निरोप आला की वर्षभर वापर नाही, आता बंद करू. मी त्याच संध्याकाळी जाऊन त्यावर चपला घेतल्या आणि बिल आल्याबरोबर सगळे पैसे भरले. तेव्हापासून अधूनमधून किरकोळ काहीतरी घ्यायचं आणि मुदतीच्या आत पुरतं फेडायचं, एवढंच त्याचं काम.

मुलगी अकरावीला गेली तेव्हा बाप क्लासमध्ये असूनही बाकीच्या विषयांची फी सुटली नाही. ती मी दुसऱ्या एका नव्या कार्डावर भरली, आणि ते कार्ड काठोकाठ भरलं. नेमकं त्याच वर्षी शाळेजवळ एक लहानसं घर विकायला निघालं. नवऱ्याची कमाई रोखीची, कागदावर दिसेना. कर्ज मिळणार ते माझ्या पगारावर. मी म्हटलं, कर्ज माझं तर घरही माझ्याच नावानं. घरात अबोला सुरू झाला.

तेव्हाच मी जुन्या कार्डाचीही गोष्ट सांगून टाकली. नवरा म्हणाला, बँक सगळं तपासते, नुसतं पडलेलं ते कार्ड आधी बंद कर आणि स्वच्छ होऊन जा. त्याच्या क्लासमधलेही सगळे हेच सांगत होते म्हणे.

"माझ्या नावानं ह्या घरात आलेलं ते पहिलं हाय," मी म्हणाले. "ते मी मोडणार न्हाई."

बँकेतल्या बाईंनी माझ्या आजवरच्या उधारीचा आणि फेडीचा अहवाल काढून वाचला. त्या म्हणाल्या, जुनं कार्ड इतक्या वर्षांचं आहे, एकदाही उशीर नाही, हे चांगलंच. शिवाय त्याची मर्यादा रिकामी आहे, म्हणून नवं कार्ड भरलेलं असूनही एकूण वापर कमी दिसतो. जुनं बंद केलं असतं तर, असं मी विचारलं. मग समोर नुसतं हे भरलेलं कार्ड आलं असतं, अहवालातले गुण घसरले असते आणि कर्ज बहुधा अडलं असतं, असं त्यांनी सांगितलं. मला तिथंच हसू फुटलं. नवरा शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

घर झालं. खरेदीखतावर माझं एकटीचं नाव आलं. सामान लागलं त्या दिवशी मामा आपली वळकटी काखेत धरून दारात थांबले. जन्मभर ते कुठल्याही घरात सरळ शिरलेले, आधी आत जायचे आणि मग चपला कुठं काढायच्या ते बघायचे. आता आत येईनात. नवरा त्यांना या म्हणाला, तरी त्यांचे डोळे माझ्याकडंच.

"पोरी, मी कुठं झोपू, सांग."

मला गहिवरून आलं, आणि त्या गहिवराचा रागही आला. विरघळायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

"पुढच्या खोलीत झोपा, मामा," मी म्हणाले. "पण इचारलंत ते बरं केलंत."