गुरुजींच्या गाडीचं पावसाळी दुखणं

दत्तराव गुरुजींची चौतीस वर्षांची नोकरी सायकलीवर झाली. गंगाखेड तालुक्यातल्या सहा गावांच्या शाळा त्यांनी केल्या. विज्ञान शिकवताना पोरांना एकच वाक्य हजारदा ऐकवलं, "मी सांगतो म्हणून मानू नका, करून बघा." गाडी मात्र ते निवृत्तीनंतर शिकले, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी आणि तेही सरजाबाईंच्या गुडघ्यांसाठी. एसटीची पहिली पायरी चढताना बायकोच्या तोंडातून निघणारा "आई गं" त्यांना ऐकवत नव्हता.

मुलगा धम्मानंद परभणीला एका कचेरीत कारकून. त्यानं ओळखीच्या एका शौकीन माणसाची जुनी पेट्रोल गाडी वडिलांना बघून दिली. त्या शौकिनानं गाडीचं मूळ बॉनेट काढून दुसरंच बसवलं होतं. त्याला मधोमध दोन लांबट फटी होत्या, इंजिनाला वारा लागावा म्हणून. गाडी राणीसावरगावात आली त्या दिवशी सरजाबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "अवो, हिला तर नाकपुड्या हायत!"

उन्हाळाभर गाडी गुणानं चालली. नवराबायको लेकाकडे परभणीला जाऊन आले, एका लग्नासाठी पूर्णेला जाऊन आले. गुरुजी चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचे नाहीत आणि सरजाबाईंना तेवढा वेगही लय वाटायचा.

जुलैत दुखणं सुरू झालं. सकाळी गाडी चालू केली की सगळं अंग थरथरायचं, आवाज फुटका यायचा, पाय दाबला तरी जोर लागायचा नाही. गुरुजी तशीच हळूहळू गंगाखेडला गोपाळ मिस्त्रीकडे न्यायचे. पण गॅरेज येईस्तोवर गाडी अशी शहाणी व्हायची की जणू काही झालंच नव्हतं.

"गुरुजी, एकदम ओके हाय की," गोपाळ म्हणायचा. तो त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे बोलण्यात अदब होती. "तुमी म्हणता तर मिसिंग मारत असंल, मधीच ठोका चुकवत असंल. पण मला दिसंना."

त्यानं ठिणगीचे प्लग बदलले. कॉइल बदलली. पेट्रोलची टाकी साफ केली. गाडी चार दिवस बरी राहिली आणि पुन्हा थरथरायला लागली.

"गोपाळ, ही पावसातच असं करायलीय बघ," गुरुजी एकदा म्हणाले.

गोपाळ हसला. "गुरुजी, पाऊस काय तुमच्या एकट्याच्या गाडीवर पडतो का?"

बोलणं खरं होतं. 

ऑगस्टातल्या एका दुपारी शेजारची केवळाबाई शेळ्यांच्या गोठ्यावरचा पत्रा सरकवायला गेली आणि पत्र्याखालच्या विंचवानं तिच्या बोटाला नांगी मारली. थोड्या वेळात तिला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले. तिचा नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. सरजाबाईंनी तिला धरून आणलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. सकाळपासूनची पावसाची झड नुकतीच उघडली होती, पण गाडी तोवर अंगणात उघड्यावरच उभी होती.

गुरुजींनी किल्ली फिरवली. तीच थरथर, तोच फुटका आवाज.

"काय झालं?" सरजाबाईंनी विचारलं.

"काही न्हाई. तू तिला बोलती ठेव."

गावाबाहेरच्या चढावर गाडीनं दम सोडला. पहिल्या गिअरमध्ये ती बैलगाडीसारखी रांगायला लागली. मागून आलेला ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे निघून गेला. गुरुजींनी पाय तळापर्यंत दाबला. आयुष्यात त्यांनी कोणावर हात उगारला नव्हता, पण त्या क्षणी त्यांना त्या गाडीला झोडपून काढावंसं वाटलं. मागून केवळाबाईचा क्षीण आवाज आला, "गुरुजी, भिऊ नका. माझी पांढरी शेळी बी चढाला अशीच आडती. हुर्र म्हणा तिला."

"हुर्र!" गुरुजी म्हणाले. सरजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी त्यांना हसू फुटलं.

चढ संपला. चार-पाच किलोमीटरनंतर आवाज हळूहळू एकसारखा झाला आणि गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यापर्यंत गाडी सुतासारखी सरळ गेली. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत केवळाबाई उठून बसली आणि शेळ्यांना कोणी पाणी दाखवलं का म्हणून चौकशी करायला लागली.

गुरुजी मात्र दवाखान्याच्या बाकावर वेळेचा हिशेब करत बसले होते. अर्ध्या तासाच्या वाटेला तास लागला होता. आज बाई वाचली. उद्या?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एका जुन्या वहीत टिपायला घेतलं. पाऊस किती, गाडी उभी कुठे, चालू केली तेव्हा काय झालं. तीन आठवड्यांत एक गोष्ट लख्ख दिसली. धम्मानंदच्या घरी गाडी छपराखाली असायची, तिथे कितीही पाऊस पडो, कुरकूर नाही. उघड्यावर उभी राहिली आणि चांगला पाऊस झाला की हमखास दुखणं. म्हणजे पाणी कुठूनतरी आत जात होतं, आणि इंजिन तापलं की वाळत होतं. म्हणूनच गोपाळला काही सापडत नव्हतं.

पाऊस उघडलेल्या एका सकाळी त्यांनी पाण्याची बादली आणि तांब्या अंगणात मांडला, गाडीत बसून इंजिन चालू केलं आणि सरजाबाईंना हाक मारली. "मी सांगीन तिथंच ओत."

"गाडीला आंघोळ घालायलाव का?"

"प्रयोग हाय."

आधी काचेखाली चार तांबे ओतले. काही नाही. मग पुढच्या जाळीवर. काही नाही. मग बॉनेटच्या त्या दोन फटींवर. दुसरा तांब्या संपतो न संपतो तोच गाडी थरथरली.

"थांब! थांब!" गुरुजी ओरडले आणि चप्पल न घालताच बाहेर आले. बॉनेट उघडलं. फटींच्या बरोबर खाली प्लग होते. प्रत्येक प्लग बोटभर खोल खळग्यात बसवलेला, आणि मधल्या दोन खळग्यांच्या तोंडाचं रबर चिरलेलं. इंजिन बंद करून, थोडं निवू देऊन त्यांनी प्लगवरचं टोपण ओढलं. आत विहिरीसारखं पाणी चमकत होतं. ठिणगीनं पेट्रोल पेटवायचं, ती पाण्यातून भलतीकडेच निसटत होती. चारांतले दोन प्लग असे आजारी पडल्यावर गाडीनं चढावर करायचं काय?

"सरजा, सापडलं बघ!" गणित सुटल्यावर चौथीतल्या पोराचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सरजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी म्हणलं न्हवतं, नाकपुड्या हायत म्हणून? नाकात पाणी गेल्यावर माणूस बी ठसकतो."

गुरुजींनी मान्य केलं. मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्याच दिवशी ते गंगाखेडला गेले. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. गॅरेजच्या दारात, चालू इंजिनावर, गोपाळच्या डोळ्यांदेखत त्यांनी फटींवर पाणी ओतलं. गाडी आज्ञाधारकपणे थरथरली. गोपाळनं आत डोकावून बघितलं, कान पकडले आणि म्हणाला, "गुरुजी, मी वाळलेल्या गाडीत ओलं दुखणं हुडकत बसलो."

"तुझी चूक न्हाई. दुखणं तुझ्या दारात येईपर्यंत बरं व्हायचं."

साधं बॉनेट त्या मापाचं लवकर मिळेना. म्हणून गोपाळनं फटींच्या खाली आतून पत्र्याची उतरती पन्हाळ बसवली. वारा आत यावा, पण पाणी बाजूच्या नळीनं खाली रस्त्यावर गळावं. चिरलेली रबरं बदलली. पुढच्याच आठवड्यात दिवसभर धो धो पाऊस झाला. गाडी अंगणात भिजत उभी होती. संध्याकाळी गुरुजींनी किल्ली फिरवली. एका दमात चालू झाली. ओसरीवरून केवळाबाई आणि सरजाबाई दोघी बघत होत्या. गुरुजींनी इंजिन बंद केलं आणि उगाचच पुन्हा एकदा चालू केलं.

आता गोपाळकडे एखादं न उमगणारं दुखणं घेऊन कोणी आलं की तो गिऱ्हाइकाला चहा पाजतो आणि राणीसावरगावला फोन लावतो. परवा पेडगावच्या एका जीपवाल्यासाठी गुरुजींना बोलावणं आलं. ते गेले, स्टुलावर बसले, खिशातून पेन काढलं आणि गाडीकडे न बघता आधी जीपवाल्याला विचारलं, "बरं, हिला शेवटचा त्रास कधी झाला, आणि तेव्हा ती कुठं उभी होती, सगळं पहिल्यापासून सांगा."